मॉन्ट्रियलमध्ये सगळ्यात जास्त काय आवडलं? (माझं : जिने, बेगल आणि एक सोफा)

भिंगरी

नमस्कार मंडळी, लिहीन लिहीन म्हणता तीन महिने गेले. जूनच्या शेवटी आम्ही मॉन्ट्रियलला जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात पण उत्साह माझ्या दुप्पट). नणंद कॅनडात टोरांटोजवळ मिसिसागाला असते, तिच्याकडे मुक्काम होता. ती म्हणाली वहिनी मॉन्ट्रियल दोन दिवसात होतं, जुना भाग बघा, चर्च बघा, या परत. टोरांटोहून पाचेक तासांची ट्रेन आहे, निघालो, आणि दोन दिवसांचे सहा झाले आणि तरी शेवटच्या दिवशी नवरा म्हणाला अजून एक दिवस वाढवूया का.

काय काय बघितलं ती यादी देत नाही, ती कुठेही मिळते. आवडलं काय ते लिहिते.

तर जिने. आम्ही प्लातो नावाच्या भागात घर घेतलं होतं (ज्या ॲपवरून घेतलं त्याचं नाव घेत नाही, "दुसरा मजला" असं लिहिलेलं, प्रत्यक्षात तिसरा निघाला). या भागातली घरं दोन-तीन मजली, एकाला एक चिकटलेली, आणि जिना घराच्या बाहेर! रस्त्यावरून थेट वरच्या मजल्याच्या दारात जाणारा लोखंडी जिना, कुठे सरळ, कुठे अर्धा गोल फिरलेला, कुठे चक्क नागमोडी. अख्ख्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना असे जिनेच जिने. मला वाटलं शोभेसाठी असतील. शेजारच्या आजोबांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की पूर्वी घरापुढे थोडी जागा बागेसाठी सोडायचा नियम होता, मग आतली जागा वाचवायला बिल्डरांनी जिनाच बाहेर काढला, शिवाय आत जिना नाही म्हणजे तेवढी जागा थंडीत गरमही करायला नको. म्हटलं आजोबा बर्फ पडल्यावर काय करता, तर म्हणाले "पडतो".

दुसरं म्हणजे १ जुलै. आम्हाला काहीच माहिती नव्हतं. तो कॅनडाचा राष्ट्रीय दिवस, मिसिसागात झेंडे आणि फटाके, म्हटलं इथेही असेल. सकाळी उठून बघतो तर अख्खा रस्ता ट्रकांनी भरलेला आणि प्रत्येक जिन्यावरून गाद्या, फ्रिज, कपाटं उतरतायत. इथे बहुतेकांचे भाडेकरार ३० जूनला संपतात त्यामुळे अर्धं शहर एकाच दिवशी घर बदलतं. एकाच दिवशी!! समोरच्या घरात एक सोफा त्या गोल जिन्यात असा अडकला की ना वर ना खाली. चार पोरं घामाघूम, खाली सात-आठ शेजारी जमलेले, प्रत्येकजण फ्रेंचमधून सल्ला देतोय. आमच्या सासूबाई गॅलरीत उभ्या, पाच मिनिटं बघितलं आणि मग खणखणीत आवाजात "अरे तिरका घ्या, तिरका! पाय आधी काढा त्याचे!" हातवारे करून. खालच्या पोराने वर बघितलं, सोफा उलटा केला, आणि खरंच चार पाय स्क्रू काढून वेगळे केले. सोफा सुटला. सगळ्यांनी सासूबाईंसाठी टाळ्या वाजवल्या, मेर्सी मादाम, मेर्सी मादाम. त्या दिवसापासून त्या रस्त्यावर आम्हाला सगळे ओळखायला लागले.

तिसरं बेगल. रात्री साडेअकराला सँ-व्हियातरच्या दुकानासमोर रांग, चोवीस तास उघडं असतं. आत लाकडाची भट्टी, समोर एक माणूस पिठाच्या दोऱ्या करून हातावर गुंडाळून कडी करतोय, त्या मधाच्या पाण्यात उकळतात आणि मग लांब फळीवरून भट्टीत. तीळ लावलेला गरम बेगल नुसता खायचा, काही लावायचं नाही. सासूबाईंनी पहिल्या रात्री दोन खाल्ले, म्हणाल्या खानदेशी बट्टी आणि पावाचं मधलं काहीतरी आहे.

जाझ फेस्टिवल चालू होता, भर रस्त्यात स्टेज आणि कितीतरी कार्यक्रम फुकट. जाँ-तालों मार्केटमधल्या स्ट्रॉबेऱ्या. आणि मेट्रो! गाडी सुटताना तीन सुरांचा आवाज येतो तो अजून डोक्यातून जात नाही, कोणाला माहितीये का तो काय प्रकार आहे?

चला, तुमचं सांगा.

तिरकस

फोटो कुठायत? सोफ्याचा तरी टाका.

भिंगरी

@तिरकस फोटो काढणारा माणूस सोफा उचलायला गेला होता.

मंद्र पंचम

तीन सूर म्हणजे मंद्र प, मध्य सा आणि वर मध्य प. माझा आयडी बघून कळलंच असेल की मी याच्यावर किती तास घालवले असतील :)

हे कोणी मुद्दाम बसवलेलं संगीत नाही. जुन्या गाड्यांमध्ये मोटरला एकदम विजेचा झटका बसू नये म्हणून करंट टप्प्याटप्प्याने सोडणारं एक यंत्र आहे, गाडी सुटताना त्यातून हे तीन सूर आपोआप निघतात. पण लोकांना त्याची इतकी सवय झाली की नव्या गाड्या आल्या, ज्यात ते यंत्रच नाही, तेव्हा दार बंद होताना तेच तीन सूर मुद्दाम वाजवायला लागले.

अजून एक सांगतो, पटणार नाही. गाडीला चाकं रबराची आहेत (म्हणून आवाज कमी आणि चढ पटापट चढते) आणि ब्रेकचे ठोकळे लाकडाचे आहेत, पिवळ्या बर्च झाडाचे, आणि ते शेंगदाण्याच्या तेलात भिजवलेले असतात. स्टेशनात गाडी जोरात थांबली की कधीकधी भाजल्यासारखा वास येतो तो त्याचा. मी ऑफिसमधून भुकेला घरी जायचो तेव्हा फार छळायचा तो वास.

१९६६ साली सुरू झाली, पुढच्याच वर्षी तिथे जागतिक प्रदर्शन भरलं, एक्स्पो ६७. बोगद्यातून निघालेली माती नदीत टाकून त्यातून एक आख्खं बेट उभं केलं त्या प्रदर्शनासाठी, त्याच बेटावर आता फॉर्म्युला वनची रेस होते. शां-द-मार्स स्टेशनची रंगीत काच सकाळी उन्हात बघा, मार्सेल फेरों नावाच्या चित्रकार बाईंनी केलीय. मी तिथे मुद्दाम उतरून पुढची गाडी पकडायचो.

भिंगरी

शेंगदाण्याचं तेल!!! सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या "मग घाण्याचं की फिल्टरचं?"

बर्फाळलेला

ताई छान लिहिलंय पण जूनमध्ये येऊन मॉन्ट्रियल आवडलं म्हणणं म्हणजे श्रावणात कोकण बघून मेमध्ये घर घेण्यासारखं आहे. मी इथे ९ वर्षं राहतोय. जानेवारीत या. उणे वीस, आणि तो तुमचा नागमोडी जिना बर्फाने गुळगुळीत, हातात किराणा, दुसऱ्या हातात पोर. त्या आजोबांचं "पडतो" हे शंभर टक्के खरं आहे, मी दोनदा पडलोय.

रात्री भोंगे वाजत येणारे ट्रॅक्टर ऐकले नाहीत ना तुम्ही? मोठा बर्फ पडला की महापालिका एकेक रस्ता साफ करते, आधी भोंगा वाजवतात, म्हणजे गाडी हलवा नाहीतर उचलून नेतील. मग यंत्राने बर्फ ओढून ट्रकमध्ये भरतात आणि ठरलेल्या जागी नेऊन ओततात, डोंगर होतो त्याचा. खरं सांगायचं तर हेच मला इथलं सगळ्यात आवडतं. पहाटे तीनला खिडकीशी उभं राहून ती वरात बघायची, पुढे छोटे ट्रॅक्टर, मागे मोठं यंत्र, बाजूने ट्रक. मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा गणपतीची मिरवणूक बघितल्यासारखा बघायचा.

बाकी बेगलबद्दल एक सांगू का नको असं झालंय. मॉन्ट्रियल बेगलच्या पारंपरिक पिठात अंडं असतं. कडक शाकाहारी असाल तर दुकानात विचारून घ्या.

भिंगरी

@बर्फाळलेला हे तुम्ही तीन महिने आधी का नाही लिहिलंत. एकूण हिशोब काढला, सहा दिवसात सासूबाईंचे अकरा बेगल झालेत. घरात हा धागा त्यांना वाचून दाखवायची ड्यूटी माझ्याकडे आहे, तेवढी एक पोस्ट मी गाळणारे.

टोरांटोकर

आमच्या टोरांटोला कोणी कधी असा धागा काढत नाही :( सीएन टॉवर बघतात आणि नायगाराला पळतात.

तिरकस

@टोरांटोकर काढा ना, "टोरांटोत मला आवडलेला ट्रॅफिक जॅम".

ऑ रव्वार

माझा अनुभव वेगळा आहे. मी पुण्यात आलियाँस फ्रांसेजमध्ये चांगली तीन वर्षं फ्रेंच शिकले, परीक्षा दिल्या, पॅरिसला जाऊन मस्त बोलून आले, म्हटलं मॉन्ट्रियल म्हणजे घरचंच मैदान. टॅक्सीवाल्याचं पहिलं वाक्य ऐकलं आणि मला वाटलं हा पोर्तुगीज बोलतोय. पुस्तकी मराठी शिकलेल्या माणसाला थेट मालवणातल्या मासळी बाजारात उभं केल्यावर जे होईल ते झालं माझं.

गाडीला शार म्हणतात. मैत्रिणीला, म्हणजे त्या अर्थाच्या, ब्लाँड म्हणतात, मग तिचे केस काळेभोर असले तरी. दुपारच्या जेवणाला दिने म्हणतात, जे फ्रान्समध्ये रात्रीचं जेवण. एकाने मला दिनेला बोलावलं, मी रात्री आठला वाइन घेऊन हजर :( आणि मेर्सी म्हटलं की उत्तरात "बिअँव्हन्यू" म्हणतात, मी दोन दिवस विचार करत होते की हे मला सारखं सुस्वागतम् का म्हणतायत.

पण सगळ्यात मजा शिव्यांची. इथल्या शिव्या चर्चमधल्या वस्तूंवरून आहेत. ताबर्नाक म्हणजे चर्चमध्ये प्रसाद ठेवायची पेटी, कालीस म्हणजे तिथला पेला. शतकभर चर्चने लोकांच्या घरात नाक खुपसलं त्याचा राग असा निघाला म्हणतात. म्हणजे आपल्याकडे कोणी संतापून "अरे निरांजन! ताम्हण! पळी-पंचपात्र!" असं ओरडल्यासारखं.

तिरकस

"पळी-पंचपात्र" आजपासून ऑफिसात वापरणार.

जुना लेफ्ट आऊट

मॉन्ट्रियल म्हटलं की आमच्या पिढीला एकच आठवतं, १९७६. आदल्या वर्षी आपण क्वालालंपूरला हॉकीचा वर्ल्ड कप जिंकलेला, शाळेत आम्ही सगळे हॉकीवेडे, मी लेफ्ट आऊट खेळायचो. ऑलिंपिकला सुवर्ण आपलंच असं गृहीत धरून रेडिओला कान लावून बसलो होतो आणि सातवे आलो. ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच कृत्रिम टर्फवर हॉकी झाली ती मॉन्ट्रियलला. आपली पोरं गवतावर खेळून मोठी झालेली, चेंडूचा वेगच वेगळा. न्यूझीलंडने सुवर्ण नेलं. माझे वडील ट्रान्झिस्टर बंद करून जे उठले ते पुन्हा हॉकीबद्दल फारसं बोललेच नाहीत.

मुलाकडे गेलो तेव्हा त्याने विचारलं बाबा काय बघायचंय, म्हटलं ते मैदान दाखव. मॅकगिल विद्यापीठाचं मोल्सन स्टेडियम, डोंगराच्या कुशीत आहे, आता तिथे कॅनेडियन फुटबॉल खेळतात. फाटकाबाहेर उभा राहिलो दहा मिनिटं. मुलाला काही कळेना की हे बघण्यासारखं काय आहे. मुख्य ऑलिंपिक स्टेडियमही बघितलं, पंचेचाळीस अंशात झुकलेला मनोरा, केबलने वर जाता येतं असं मुलगा म्हणाला, आम्ही गेलो नाही. जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीने परफेक्ट टेन मिळवले ते याच ऑलिंपिकमध्ये. ते बांधायला काढलेलं कर्ज २००६ पर्यंत फिटत होतं, तीस वर्षं! लोक त्याला "बिग ओ" म्हणतात, गोल आकारावरून, पण इंग्रजीत ओ म्हणजे देणं लागतो असाही अर्थ निघतो, तसा टोमणा आहे तो.

भिंगरी

काका किती सुंदर लिहिलंत. आम्ही त्या डोंगरावर गेलो होतो पण खाली हे मैदान आहे हे माहितीच नव्हतं.

डोंगराबद्दल लिहायचं राहिलंच. मों-रोयाल म्हणजे शाही पर्वत, शहराचं नावच त्यावरून पडलंय. उंची २३३ मीटर! सप्तशृंगी गड चढणाऱ्या बाईंना त्याचं काय, सासूबाई म्हणाल्या "हे टेकाड?" पण शहरात नियम आहे की या टेकाडापेक्षा उंच इमारत बांधायची नाही, त्यामुळे वर उभं राहिलं की सगळे टॉवर आपल्यापुढे मान खाली घालून उभे असल्यासारखे, आणि मागे नदी. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क करणाऱ्या ओल्मस्टेडनेच हेही पार्क आखलं, १८७६ साली उघडलं. रविवारी पायथ्याशी पुतळ्याजवळ शेकडो लोक ढोल, डफ, डबे, मिळेल ते घेऊन वाजवत बसतात, कोणी बोलावलेलं नसतं. माझा नवरा ढोलपथकातला. एका दाढीवाल्याने ड्रम पुढे सरकवला आणि याने नाशिक ढोलचा ठेका धरला. पुढचा पाऊण तास तो आम्हाला ओळखत नव्हता.

गोंदणपान

कोणी सेंट जोसेफच्या ओरेटरीबद्दल लिहिलं नाही? मला देवधर्माचं फार नाही, पण तिथे गलबलून आलं. टेकडीवर प्रचंड घुमट, वर जायला २८३ पायऱ्या, त्यातल्या मधल्या ९९ लाकडी पायऱ्या गुडघ्यावर चढणाऱ्यांसाठी राखीव. आम्ही गेलो तेव्हा फिलिपिन्सची वाटणारी एक बाई प्रत्येक पायरीवर थांबून काहीतरी पुटपुटत चढत होती, तिची दहा-बारा वर्षांची मुलगी बाजूच्या सिमेंटच्या पायऱ्यांवरून पर्स धरून तिच्या वेगाने चढत होती. जेजुरीला नवसाला येणाऱ्यांची आठवण झाली.

ज्यांनी हे सुरू केलं ते ब्रदर आंद्रे हे जवळच्या शाळेत दरवान होते, चाळीस वर्षं. जेमतेम अक्षरओळख. लोक त्यांच्याकडे दुखणी घेऊन यायचे, बरे झाले की कुबड्या तिथेच ठेवून जायचे, त्या कुबड्यांच्या भिंती आहेत आत. १९०४ ला एक छोटीशी लाकडी खोली बांधली त्याचं हे झालं. १९३७ ला गेले तेव्हा दर्शनाला दहा लाख लोक आले म्हणतात, भर थंडीत. २०१० साली संतपद मिळालं. त्यांचं हृदय काचेच्या पात्रात ठेवलंय आणि १९७३ ला ते चक्क चोरीला गेलं होतं, दीड-पावणेदोन वर्षांनी सापडलं!

आत सरकते जिने आहेत, गुडघेवाल्यांनी काळजी करू नये.

कावळा चिमणी

भाषेबद्दल कोणीतरी बोला ना. मला तेच सगळ्यात आवडलं. दुकानात शिरलं की "बोंजूर-हाय!", तुम्ही ज्या भाषेत उत्तर द्याल त्या भाषेत पुढचं. थांबाच्या पाटीवर "आरे" लिहिलेलं, फ्रान्समध्येसुद्धा स्टॉपच लिहितात! केएफसीचं नाव पीएफके, पूले फ्री केंटकी. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला यांनी नाव बदलायला लावलं आणि आपण मुंबईत दुकानांच्या पाट्यांवरून वर्षानुवर्षं भांडतोय.

तिरकस

+१. आपल्याकडे २०२२ ला कायदा सुधारला, देवनागरी पाटी, अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नको. मग व्यापारी कोर्टात. २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं दोन महिन्यांत लावा. आता पाट्या लागल्या, आत गेल्यावर "हां बोलिये".

बर्फाळलेला

हे इतकं गोड नाहीये हो, बाहेरून बघताना वाटतं. इथल्या क्वेबेक प्रांताचा फ्रेंच भाषेचा १०१ नंबरचा कायदा १९७७ चा. आधी पाट्या फक्त फ्रेंच असा नियम होता, १९८८ ला कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने तो उडवला, मग बरीच भांडणं होऊन १९९३ ला "इतर भाषा चालेल पण फ्रेंच ठळकपणे वरचढ" असं ठरलं. त्या बोंजूर-हायवरसुद्धा २०१७ ला विधानसभेने एकमताने ठराव केला की दुकानदारांनी नुसतं बोंजूर म्हणावं! लोक अजूनही बोंजूर-हायच म्हणतात ते सोडा.

बाहेरून आलेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळाच. माझा मुलगा घरी मराठी, शाळेत फ्रेंच, मैदानात इंग्रजी बोलतो आणि तिन्ही एका वाक्यात बोलतो. बायको एमबीए, पण फ्रेंच कच्चं म्हणून दोन वर्षं तिला मनासारखी नोकरी मिळाली नाही, रात्रीचे क्लास करून शिकली. तेव्हा फार चिडायचो. आता मात्र ती फ्रेंचमध्ये फोनवर कोणाशी तरी भांडत असली की मला उगाच अभिमान वाटतो.

आणि एक गंमत. पाटीवर एवढे कडक, ईमेलला कूरिएल म्हणणार, वीकएंडला फँ-द-सेमेन म्हणणार (पॅरिसवाले सरळ ल वीकेंड म्हणतात), पण बोलताना? "सेल फन", "चेके सा", "यून जॉब". दर वाक्यात इंग्रजी. पाटी शुद्ध आणि तोंड मोकळं. कुठेतरी ओळखीचं वाटतं ना?

कावळा चिमणी

मुद्दा मान्य. पण तुमच्या मुलाला त्यामुळे तीन भाषा आल्या, आमच्या मुंबईतल्या भाच्यांना एकही धड येत नाही. कायद्याची सक्ती असल्याशिवाय...

गोंदणपान

अहो इथे मुंबईच्या पाट्या नकोत, त्याचे चार धागे आधीच चालू आहेत. मॉन्ट्रियलच्या दोन कुत्र्यांचं सांगते. जुन्या शहरात प्लास दार्मच्या चौकात एका इमारतीच्या दोन टोकांना दोन पुतळे आहेत. एका टोकाला इंग्रज साहेब, हातात पग कुत्रा, तो नाक वर करून समोरच्या नोत्र-दाम चर्चकडे बघतोय, म्हणजे फ्रेंच धर्मसत्तेकडे. दुसऱ्या टोकाला फ्रेंच बाई, हातात पूडल, ती तशाच तिरस्काराने बँक ऑफ मॉन्ट्रियलकडे बघतेय, म्हणजे इंग्रजांच्या पैशाकडे. आणि दोन्ही कुत्र्यांनी एकमेकांना बघितलंय, त्यांना खेळायला जायचंय.

मंद्र पंचम

वा! मी तिथून रोज जायचो, बाईंचा पुतळा बघितला होता, साहेब दुसऱ्या टोकाला आहेत हे आज कळलं.

कुंदा सावर

आम्ही पुढच्या मार्चमध्ये जातोय, दोन मुलं ६ आणि १०, सगळे शाकाहारी (अंडं चालतं). मार्च वाईट का? खायचं काय? आणि ते पुतिन, बटाट्याचं खाणं, शाकाहारी असतं का?

बर्फाळलेला

मार्च म्हणजे ना धड थंडी ना उन्हाळा, चिखल. पण मार्चमध्येच एक गोष्ट असते जी जूनवाल्यांना मिळत नाही, आणि ती मुलांना घेऊन बघाच. कबान आ सुक्र, म्हणजे आपलं गुऱ्हाळ. डिट्टो गुऱ्हाळ! रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं सुरू झालं की मेपलच्या झाडात रस चढतो, खोडाला भोक पाडून नळी लावतात, तो पाण्यासारखा रस कढईत आटवत बसतात. साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर पाक. म्हणजे काकवी. मग तो गरम घट्ट पाक स्वच्छ बर्फावर ओततात, काडीने गुंडाळायचा आणि तोंडात. कोल्हापूरकडच्या माणसाला कढईतली गरम काकवी चाटल्यावर जे होतं तेच. आमचे बाबा आले होते, शेडमध्ये शिरून वाफेचा वास घेतल्या घेतल्या म्हणाले "चुलवाणावर आलो की!"

जेवणात मात्र हॅम, बीन्स, तळलेली डुकराची चामडी वगैरे असतं. बीन्समध्येही बहुधा मांस. आधी फोन करून शाकाहारी ताट विचारा, बऱ्याच ठिकाणी आता करून देतात. ऑमलेट आणि पॅनकेक तर नक्की.

पुतिन म्हणजे बटाट्याचे तळलेले तुकडे, त्यावर ताज्या चीजचे गोळे आणि वरून गरम ग्रेव्ही. ग्रेव्ही साधारण मांसाची असते, पण ला बाँकीजमध्ये शाकाहारी सॉस मिळतो, तिथे पुतिनचे तीसेक प्रकार आहेत. चीज ताजं असेल तर चावताना दाताखाली चुकचुकतं, पनीरच्या कुर्म्यात कधीकधी होतं तसं. मुलं त्या आवाजावरच खूश होतील.

आणि घरचं खावंसं वाटलं तर पार्क-एक्स्टेंशन भाग, पार्क मेट्रोपासून चालत. डोसा, थाळी, मिठाई सगळं. पाव्हणे आले की चौथ्या दिवशी मी त्यांना तिथे नेतोच, कोणीही कितीही "आम्हाला सगळं चालतं" म्हणालं तरी.

ऑ रव्वार

कुंदाताई अजून एक, तिथे दिशांवर विश्वास ठेवू नका. रस्त्यांची नावं पूर्व-पश्चिम असतात पण नदी वळलीय आणि शहराने नदीलाच दक्षिण मानलंय, त्यामुळे त्यांची "उत्तर" खरी पश्चिमेकडे झुकलेली. संध्याकाळी सूर्य "उत्तरेला" मावळताना दिसतो. मी होकायंत्र काढून भर चौकात तीन वेळा स्वतःभोवती फिरले.

आणि किमतीवर साधारण १५ टक्के कर वरून लागतो, पाटीवर लिहिलेला नसतो, वर टिप वेगळी. हिशोब करूनच ऑर्डर द्या.

कुंदा सावर

बाप रे किती माहिती. धन्यवाद सगळ्यांना, वाचनखूण साठवली. थंडी फार असली तर मुलांना दिवसभर कुठे न्यायचं?

मंद्र पंचम

जमिनीखाली. ३० किलोमीटरच्या वर भुयारी रस्ते आहेत, मेट्रो, मॉल, ऑफिसं, सगळं जोडलेलं. मी एक अख्खा फेब्रुवारी जाकीट ऑफिसातच ठेवून दुपारचं जेवण, सलून, बँक सगळं खालून केलंय. मात्र रस्ता चुकतोच. मुलांना बायोस्फिअर दाखवा, एक्स्पो ६७ मधला अमेरिकेचा भला मोठा गोल, वरचं आवरण १९७६ च्या आगीत जळून गेलं, आता नुसता पोलादी सांगाडा, आत पर्यावरणाचं म्युझियम. पलीकडे हॅबिटाट ६७ दिसतं, ठोकळ्यांवर ठोकळे रचल्यासारखी घरं. साफ्दी नावाच्या आर्किटेक्टने कॉलेजात केलेल्या प्रबंधातून ते आलंय. दहा वर्षांच्या मुलाला आवडेल, घरी आल्यावर लेगो काढेल.

जुना लेफ्ट आऊट

भिंगरीताई, तुमच्या सासूबाईंना विचारा ना त्यांना सगळ्यात काय आवडलं ते. माझा अंदाज, सोफा.

भिंगरी

काका, आत्ताच विचारलं. मला वाटलं ओरेटरी म्हणतील (हो, तिथेही गेलो होतो, त्या ९९ पायऱ्यांकडे बघत बराच वेळ उभ्या होत्या, मी हात घट्ट धरून ठेवला होता), नाहीतर सोफा.

त्या म्हणाल्या दोरीवरचे कपडे.

प्लातोत घरांच्या मागे गल्ल्या आहेत, त्यात घराच्या गॅलरीपासून समोरच्या खांबापर्यंत दोऱ्या, दोन्ही टोकांना कप्पी. गॅलरीत उभं राहून कपडा चिमट्याने लावायचा, दोरी ओढायची, तो पुढे सरकतो, मग पुढचा कपडा. मिसिसागाला नणंदेच्या सोसायटीत बाहेर एक रुमाल दिसत नाही, सगळं ड्रायरमध्ये, सासूबाई त्यावरून पाच आठवडे धुमसत होत्या. इथे पहिल्या दिवशीच मागच्या गल्लीत चादरी, परकर, लहान मुलांची झबली हलताना बघितली आणि घरमालकिणीच्या दोरीवर स्वतःचं लुगडं वाळत घातलं. नऊवारी, दोरी संपायला आली पण लुगडं संपेना. समोरची बाई फोटो काढत होती.

आता त्यांना आमच्या गच्चीत तशी कप्पीची दोरी हवीय. नवऱ्याने ऑनलाइन बघितलं, विहिरीचे रहाट येतायत नाहीतर जिमचं सामान. नाशिकमध्ये कुठे मिळेल?

तिरकस

रविवार कारंज्याला हार्डवेअरच्या दुकानात विचारा. कप्प्या दोन घ्या, आणि दुकानदाराला दोरीची लांबी सांगताना "नऊवारी" असंच सांगा.